घटक ४ : सामाजिक वर्ग, संधी आणि ऊर्ध्वगामी गतिशीलता

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• सामाजिक गतिशीलतेचे प्रमुख प्रकार सांगता येतील.
• वर्गाचा व्यक्तीच्या संधींवर कसा परिणाम होतो, हे गिरणगावाच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल.
• एका व्यक्तीचे यश आणि समूहाची प्रगती यांतील फरक विशद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

‘ज्याच्या अंगी गुण, तो वर येणारच’, असे आपण सहज बोलून जातो. या विधानात व्यक्तीच्या कष्टांविषयी आदर आहे. पण त्यात एक गृहीतकही दडलेले आहे. जो वर आला नाही, त्याच्या अंगी गुण नव्हते, असा त्याचा दुसरा अर्थ होतो. हे गृहीतक कितपत खरे आहे, हे या घटकात आपण तपासणार आहोत. त्यासाठी मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घेतले आहे. कामगार साहित्याच्या अभ्यासकाला या परिसराचा सामाजिक इतिहास माहीत असणे आवश्यक आहे, हेही त्यामागचे एक कारण आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ काही मूलभूत संकल्पना

व्यक्तीचे किंवा समूहाचे समाजरचनेतील एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर जाणे म्हणजे सामाजिक गतिशीलता. पितिरिम सोरोकिन यांनी १९२७ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहून तिचे दोन मुख्य प्रकार मांडले. स्थान बदलले तरी दर्जा तोच राहिला, तर ती समस्तरीय गतिशीलता होय. दर्जा वाढला किंवा घटला, तर ती उदग्र गतिशीलता होय. उदग्र गतिशीलता ऊर्ध्वगामी असते, तशीच अधोगामीही असते. वडिलांच्या आणि मुलांच्या स्थानांची तुलना केली की दोन पिढ्यांमधील गतिशीलता लक्षात येते.

मॅक्स वेबर यांनी वर्गाचा विचार ‘जीवनसंधी’ या कल्पनेच्या आधारे केला. बाजारात आपल्याजवळची मालमत्ता किंवा कौशल्य यांच्या बळावर व्यक्तीला काय मिळवता येईल, हे तिच्या वर्गस्थानावरून ठरते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी या विचारात महत्त्वाची भर घातली. त्यांच्या मते, पैसा हे भांडवलाचे केवळ एक रूप आहे. घरात बोलली जाणारी भाषा, पुस्तकांचा सहवास, कार्यालयात किंवा मुलाखतीत सहजपणे वावरण्याची सवय हे सांस्कृतिक भांडवल. तर ओळखीपाळखी आणि नातेसंबंध हे सामाजिक भांडवल होय.

४.३.२ गिरणगाव : शिडी उभी राहते

१८५६ मध्ये ताडदेव येथे मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा परिसर गिरण्यांनी भरून गेला. कोकणातून, तसेच सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसे येथे आली. गावी अपुरी शेती आणि सावकाराचे कर्ज. मुंबईत मात्र ठरावीक तारखेला हाती पडणारा पगार. उद्योगाच्या वाढीमुळे नवी स्थाने निर्माण झाली आणि हजारो कुटुंबांचे जीवन बदलले. केवळ व्यक्तीच्या गुणांमुळे असे घडत नाही. शिडी असेल, तरच तिच्यावर चढता येते.

या शिडीच्या पहिल्या पायरीपाशी जॉबर उभा असे. कामगार भरतीत त्याचा शब्द दीर्घकाळ निर्णायक होता. त्यामुळे गाववाला किंवा नातेवाईक ओळखीचा असणे हीच नोकरीची मोठी पात्रता ठरे. हे सामाजिक भांडवलाचे ठळक उदाहरण आहे. ज्याला कायम जागा मिळाली नाही, तो ‘बदली कामगार’ म्हणून रोज गिरणीच्या दाराशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत घरी.

४.३.३ पायऱ्या सर्वांसाठी सारख्या नव्हत्या

गिरणीतील सर्व खात्यांत पगार सारखा नव्हता. विणकामाच्या साचेखात्यात मजुरी अधिक मिळे. परंतु तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. या निमित्ताने विटाळाची सबब पुढे करून दलित कामगारांना त्या खात्यापासून दूर ठेवले जाई. कमी मजुरीचे रिंग खाते त्यांच्या वाट्याला येई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार नेत्यांसमोर ठामपणे मांडला. कामगार म्हणून वर्ग एकच, तरी संधी मात्र वेगळ्या. भारतात वर्गाचा विचार जातीला वगळून का करता येत नाही, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच दिसते. गावाहून एकट्याने आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी गिरणगावातील स्त्रियांनी चालवल्या. त्यांच्याजवळ कौशल्य होते, गिऱ्हाईक होते, कष्टांची तयारी होती. नव्हते ते भांडवल. त्यासाठी सावकाराच्या व्याजात अडकावे लागे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि या स्त्रियांना बँकेच्या कर्जाची वाट खुली झाली. स्त्रिया त्याच होत्या, त्यांचे गुणही तेच होते. बदलली ती त्यांच्याभोवतीची व्यवस्था.

४.३.४ शिडी काढून घेतली जाते

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. असंख्य कामगार पुन्हा कामावर जाऊ शकले नाहीत. अनेक गिरण्या पुढे बंद पडल्या. अनेक घरांत मुलांचे शिक्षण थांबले. पेन ठेवून त्यांना मिळेल ते काम हाती घ्यावे लागले. अधोगामी गतिशीलतेचा हा अनुभव एकट्या-दुकट्याचा नव्हता. तो संपूर्ण वसाहतीचा होता. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात अशाच एका कुटुंबाची वाताहत दिसते.

त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये आणि व्यापारी संकुले उभी राहिली. नोकऱ्या निर्माण झाल्या, त्याही चाळीच्या अगदी समोर. परंतु चांगल्या पगाराच्या नोकऱ्यांसाठी सफाईदार इंग्रजी, पदवी आणि विशिष्ट प्रकारचे वागणे-बोलणे अपेक्षित होते. ते घरातून मिळालेले नसल्यामुळे गिरणी कामगाराच्या मुलाला त्या इमारतीत प्रवेश मिळाला, तो बहुधा पहारेकरी, शिपाई किंवा विक्रेता म्हणून. रस्ता ओलांडण्याइतकेच अंतर होते; पण ते पावलांनी कापता येण्याजोगे नव्हते.

४.३.५ अपवाद आणि नियम

येथे एक आक्षेप तुमच्या मनात येईल. कवी नारायण सुर्वे याच गिरणगावात वाढले. एका गिरणी कामगाराने त्यांना सांभाळले. त्यांनी लहानपणापासून कष्टांची कामे केली, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून नोकरी केली, पुढे ते शिक्षक झाले आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. मग इतरांना हे का जमले नाही?

सुर्वे यांची प्रतिभा निर्विवाद आहे. परंतु अपवादात्मक प्रतिभा असेल तरच वर येता येते, अशी स्थिती असेल, तर ती समाजात समान संधी असल्याची खूण नव्हे. सुस्थितीतील घरात साधारण बुद्धीचा मुलगाही पदवीधर होतो. त्यासाठी त्याला असामान्य असावे लागत नाही. हा फरक परीक्षेतील अपयशाच्या वेळी सर्वांत स्पष्ट दिसतो. शालान्त परीक्षेत नापास झालेल्या सधन घरातील मुलाचा काही काळ वाया जातो. त्याला शिकवणी लावली जाते, तो पुन्हा बसतो. कामगाराच्या मुलाचे त्याच निकालाने शिक्षणच संपते, कारण थांबणे त्या घराला परवडत नाही. म्हणून वर्गाची एक व्यवहारी ओळख अशी सांगता येईल : चूक परवडण्याची आणि पुन्हा प्रयत्न करण्याची ऐपत. संधीची समानता मोजायची असेल, तर पहिली संधी किती जणांना मिळाली एवढेच पाहून भागत नाही. दुसरी संधी कोणाला मिळाली, हेही पाहावे लागते.

रात्रशाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृहे आणि मुक्त विद्यापीठ यांचे महत्त्व येथेच आहे. काही घरांत जी दुसरी संधी कुटुंब देते, ती या संस्था समाजाच्या वतीने देतात. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून तुम्ही ही पुस्तिका वाचत असाल, तर तुमचे शिक्षण पूर्वी का थांबले होते, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. त्याचे उत्तर केवळ तुमच्या बुद्धीत किंवा जिद्दीत शोधू नका. आणि आज तुम्ही परतला आहात, यात तुमच्या जिद्दीचा वाटा मोठा आहे, हेही विसरू नका.

४.४ सारांश

ऊर्ध्वगामी गतिशीलता गुण आणि कष्ट यांवर अवलंबून असते; पण त्यांना फळ येण्यासाठी भांडवल, ओळख, भाषा आणि पुन्हा प्रयत्न करण्याची सवड लागते. ही साधने वर्ग, जात आणि लिंगभाव यांनुसार विषमपणे वाटली गेली आहेत. गिरणगावात उद्योगाने शिडी उभी केली, तिच्या पायऱ्या सर्वांना सारख्या नव्हत्या, आणि उद्योग संपताच ती शिडीही गेली. एका व्यक्तीच्या यशावरून समूहाला मिळालेल्या संधींचे अनुमान काढता येत नाही.

४.५ स्वाध्याय

१. समस्तरीय आणि उदग्र गतिशीलता यांतील फरक सोदाहरण लिहा.
२. ‘भारतात वर्गाचा विचार जातीला वगळून करता येत नाही.’ गिरणीतील खात्यांच्या आधारे चर्चा करा.
३. आपले आजी-आजोबा, आई-वडील आणि आपण स्वतः अशा तीन पिढ्यांचे शिक्षण व व्यवसाय यांचा तक्ता करा. प्रत्येक बदलामागे व्यक्तीचे कष्ट कोणते आणि बाहेरची परिस्थिती कोणती, याची स्वतंत्र नोंद करा. कोणाचे शिक्षण कोठे थांबले आणि त्याला किंवा तिला दुसरी संधी मिळाली का, हेही लिहा.