कडेची माणसे

निवृत्त होणाऱ्या सोबत्यांच्या निरोपाला आमच्या युनियनने डिजिटल कॅमेऱ्यावर सर्वांचा एकत्र फोटो काढला आणि १०×८ इंची छापून घेतला. हाती आला तेव्हा दोन्ही टोकांचा एकेक कामगार नाहीसा! चूक कोणाची? त्रैराशिकाची.

अशा कॅमेऱ्याचे चित्र बहुधा ३:२ प्रमाणाचे असते. जुन्या फिल्मची ३६×२४ मिलिमीटरची चौकटही तीच. उंची ८ इंच, तर लांबी १२ इंच हवी. कागद १० इंचांचाच. म्हणजे २ इंच, सहावा हिस्सा, कात्रीत गेला. मोबाइलचे चित्र बहुधा ४:३ असते. ६×४ च्या कागदावर ६ इंच लांबी भरली की उंची साडेचार इंच होते. अर्धा इंच छाटला जातो.

म्हणून ३:२ च्या चित्राला ६×४ किंवा १२×८, आणि ४:३ ला ८×६ कागद मागावा. तो नसेल, तर ‘पांढरी कड राहू द्या, पण चित्र पुरे छापा’ असे सांगावे. फोटो काढतानाच कडेने मोकळी जागा ठेवावी, हे उत्तम.

मधल्या खुर्चीवरच्या पुढाऱ्याला ही कात्री लागत नाही. ती लागते संकोचाने कडेला उभ्या राहिलेल्या माणसाला. त्याच्यासाठी एवढा हिशेब आपण करायलाच हवा.