एरर दिसते ती चूक आणि न दिसणारी चूक

प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्यांना स्क्रीनवरच्या लाल अक्षरांची धास्ती वाटते. एरर आली की आपल्याला हे जमणारच नाही, असे मनात बसते. मग शेजारच्याचा चालणारा प्रोग्राम उतरवून जर्नल पूर्ण केले जाते. ही धास्ती काही चुकीच्या समजुतींवर उभी आहे.

गैरसमज : हुशार प्रोग्रामरला एरर येत नाही.
वस्तुस्थिती : एडसॅक हा संगणक १९४९ साली केंब्रिजला सुरू झाला. तो घडवणाऱ्या मॉरिस विल्क्स यांच्या सुरुवातीच्या एका प्रोग्राममध्ये १२६ ओळी होत्या आणि चुका होत्या सुमारे वीस. उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच चुका शोधण्यात जाणार, हे तेव्हाच लक्षात आल्याचे त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे.

गैरसमज : इंग्रजी कच्चे असेल तर एरर समजत नाही.
वस्तुस्थिती : पायथनमध्ये नवशिक्याची गाठ मोजक्याच एररशी पडते. नेमएरर म्हणजे ते नाव आधी दिलेलेच नाही, किंवा स्पेलिंग चुकले. टाइपएरर बहुधा आकडा आणि मजकूर यांची बेरीज मागितल्यावर येते. पाच नोंदींच्या यादीत ५ क्रमांकाची नोंद मागितली तर इंडेक्सएरर, कारण मोजणी ० पासून होते आणि शेवटचा क्रमांक ४ असतो. लांबलचक संदेश खालून वर वाचावा. चूक कोणती हे शेवटच्या ओळीत असते, ती कुठे झाली हे तिच्या वर. व्हेरिएबलला ‘बेरीज’ असे देवनागरी नाव दिले तरी पायथन ते स्वीकारतो, हेही मराठी माध्यमातल्या मुलांना आवर्जून सांगायला हवे.

गैरसमज : दाखवलेल्या ओळीतच चूक असते.
वस्तुस्थिती : सी भाषेत सातव्या ओळीतला अर्धविराम राहिला, तर कंपायलर अनेकदा आठव्या ओळीकडे बोट दाखवतो. एक कंस सुटला तरी एररची रांग लागते. फक्त पहिली दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे, बाकीच्या बऱ्याचदा आपोआप जातात.

गैरसमज : एरर नाही, म्हणजे प्रोग्राम बरोबर.
वस्तुस्थिती : सर्वांत घातक समजूत ही. यादीतली सर्वांत मोठी संख्या शोधण्याचा प्रोग्राम घ्या. बरेच जण ‘मोठी’ची सुरुवात ० ने करतात आणि पुढची प्रत्येक संख्या तिच्याशी ताडून पाहतात. ४, ९, २ दिल्यावर उत्तर ९ येते, सगळे खूश. आता द्रासमधल्या कडक थंडीतली तापमाने द्या : -१२, -७, -१९. उत्तर येते ०, जे यादीत नाहीच! एकही लाल अक्षर उमटत नाही. सुरुवात यादीतल्या पहिल्या संख्येने केली की उत्तर बरोबर -७ येते. मग रिकामी यादी देऊन पाहा. आता इंडेक्सएरर येईल, आणि ती यायलाच हवी, कारण रिकाम्या यादीत मोठी संख्या नसतेच.

अनुभवी माणसेही यातून सुटलेली नाहीत. जावा भाषेच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधण्यात, मधली जागा काढायला दोन टोकांचे क्रमांक मिळवून २ ने भागले जात. यादी १०७ कोटी नोंदींच्या पुढे गेली की ही बेरीज जावातल्या साध्या पूर्णांकाची २१४ कोटींची मर्यादा ओलांडून ऋण होऊ शकते. ही चूक सुमारे नऊ वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ती जाहीर केली.

म्हणून प्रोग्राम चालवण्याआधी उत्तर हाताने काढून ठेवावे. रिकामी यादी, एकच नोंद, सगळ्या ऋण संख्या, हे तीन प्रकार तर द्यावेतच.

शिक्षकांना एक विनंती. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एखादा प्रश्न असा ठेवा : मुद्दाम बिघडवलेला प्रोग्राम द्या, आणि चूक शोधून तिचे कारण मराठीत किंवा इंग्रजीत लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या.