43 अंशांतली सकाळ

काढा तपकिरी आणि पाणी नितळ. उष्माघातावरच्या चिनी औषधाची चाचणी पाहायला दक्षिण तैवानमधल्या एका प्रयोगशाळेत गेले, तेव्हा पहिली अडचण दिसली ती हीच. कुठल्या उंदराला औषध मिळालं आणि कुठल्याला नुसतं पाणी, हे आलेख वाचणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून सिरिंज भरणारी मुलगी शेजारच्या खोलीत बसायची. प्रत्येक सिरिंजला चंदेरी कागद गुंडाळून वर फक्त आकडा लिहायची. आकड्यांचा उलगडा तिच्या वहीत, आणि वही कुलपात.

औषधाचं नाव शंगमायसान. 'नाडीला जीव देणारं चूर्ण' असा त्याचा अर्थ. घटक तीनच: जिनसेंगचं मूळ, माई-मेन-दोंग नावाच्या रोपाच्या गाठाळ मुळ्या आणि वू-वेई-झी, म्हणजे 'पाच चवींचं' लाल फळ. उन्हाने घामाघूम होऊन गळून गेलेल्या, घसा कोरडा पडलेल्या, नाडी मंदावलेल्या माणसाला हे देण्याची रीत काही शतकांची आहे. मी बोटावर घेऊन चाखलं. आधी आंबट लागलं, मग कडवट, आणि बऱ्याच वेळाने जिभेवर गोडसर चव उरली.

औषध पोटात गेल्यावर तासाभराने उष्णता सुरू होते. पांढरा उंदीर भूल दिलेला असतो. मांडीतल्या धमनीत रक्तदाब मोजणारी बारीक नळी, गुदमार्गात तापमापकाची तार, भोवती 43 अंश सेल्सिअसची ऊब. पडद्यावर तीन रेघा सरकत राहतात: शरीराचं तापमान, हृदयाचे ठोके, रक्तदाब. पहिला अर्धा तास बघणाऱ्याला वाटतं, काहीच घडत नाही. मग तिन्ही रेघा वर चढू लागतात. हृदय जोर लावतं, दाब वाढतो, इवलंसं शरीर पुऱ्या ताकदीने तग धरतं. तासाहून थोडा अधिक वेळ गेला की रक्तदाबाची रेघ शिखर गाठते आणि एकदम खाली घसरते. तापमान अजून चढतंच असतं. खोलीतलं बोलणं थांबतं, कुणीतरी वेळ मोठ्याने उच्चारतं, दुसरं कुणीतरी ती लिहून घेतं. उष्माघात इथून मोजतात. मग उष्णता बंद होते, आणि उंदीर पुढे किती मिनिटं जगतो हे बघत बसायचं. ते बघणं मला जड गेलं. तिथे रोज काम करणाऱ्यांनाही ते सोपं जात नसावं. त्या वेळात कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. उकाडा वाढला की तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो आणि अंगाला लाळ चोपडून घेतो. भुलेत लाळ चोपडणंही जमत नाही. शिवाय औषधाने शरीराचं तापमान आधीच उतरलं असेल, तर कोसळण्याची वेळ नुसतीच लांबते, आणि तो गुण उष्माघातावरचा म्हणता येत नाही. म्हणून उष्णता सुरू होण्यापूर्वीचे आकडेही तितक्याच काटेकोरपणे टिपले जात होते.

शंगमायसानवरचा तैवानमधल्या संशोधकांचा असा एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला आहे. औषध घेतलेल्या उंदरांत दाह वाढवणारी द्रव्यं कमी आढळली, मेंदूची हानीही कमी झाली. मात्र मी पाहत होते त्या चाचणीत औषध दिलं जात होतं उष्णतेच्या आधी. माझं मन तिथेच अडतं. मी चंद्रपूरची. आमच्याकडे मे महिन्यात भर दुपारी रस्त्याच्या कामावरचा मजूर दवाखान्यात आणतात तो कोसळल्यावर, बेशुद्ध. घरून निघताना पन्हं प्यायला होता की नाही, हे विचारून तेव्हा काय उपयोग? बेशुद्ध माणसाच्या तोंडात काढा ओतताही येत नाही. अंगावर पाणी, वारा, बर्फ, जे हाताशी असेल त्याने अंग गार करायचं, ही पहिली धावपळ. औषधाला जागा असलीच तर त्या धावपळीच्या जोडीला, आणि शिरेतून. शिरेतून द्यायचं म्हणजे मुळ्या-फळांचा अर्क गाळून, निर्जंतुक करून, प्रत्येक खेपेला एकसारखा उतरला पाहिजे. ते काम काढा उकळण्याहून कितीतरी अवघड आहे.

कोसळल्यावर औषध देऊन पाहिलंय का, असं संध्याकाळी सिरिंजवाल्या मुलीला मी विचारलं. त्या दिवसाचे आकडे उलगडून झाले होते, म्हणून तिने वही उघडून दाखवली. 'औषध कधी' या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'वजा 60' लिहिलेलं होतं. तिने पान उलटलं. तिथे पट्टीने आखलेल्या रेघा, उंदरांच्या ओळी रिकाम्या, आणि त्याच रकान्यात, आता कोसळण्याच्या क्षणापासून मोजून, पेन्सिलीने लिहिलेलं: 'अधिक 0'.