इंग्रजी वाक्यरचना आणि मराठी विद्यार्थी

मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी इंग्रजीच्या शब्दसंग्रहात फारसा कमी पडतो असे नाही. त्याला शब्दार्थ ठाऊक असतात, स्पेलिंगही पाठ असते. तरीही मुलाखतीला बसल्यावर त्याची जीभ अडखळते. ते मौन पाहून समोरचा माणूस त्याच्या बुद्धीविषयीच चुकीचा ग्रह करून घेतो. ज्या घरात इंग्रजी शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घराला या मौनाची मोठी किंमत मोजावी लागते. या अडखळण्याचे कारण पुष्कळदा शब्दांच्या अभावात नसून शब्दांच्या क्रमात असते.

मराठीत नात्याची खूण शब्दाच्या अंगावरच असते. ‘शिक्षकांनी मुलाला बोलावले’ हे वाक्य ‘मुलाला शिक्षकांनी बोलावले’ असे फिरवले तरी अर्थाविषयी संदेह राहत नाही. ‘नी’ आणि ‘ला’ हे प्रत्यय सारे सांगून टाकतात. इंग्रजीत कर्ता व कर्म दाखवणारे असे प्रत्यय नामांना लागत नाहीत. तेथे शब्दाचे स्थान हेच त्याचे नाते. ‘द टीचर कॉल्ड द बॉय’ या वाक्यातील नामांची अदलाबदल केली, की मुलगाच शिक्षकांना बोलावू लागतो.

दुसरा भेद कर्त्याचा. मराठीत ‘उद्या येईन’ एवढे पुरते, कारण ‘येईन’ मध्येच ‘मी’ सामावलेला आहे. पालीतील ‘गच्छामि’ हे क्रियापदही याच स्वभावाचे. इंग्रजीत मात्र ‘आय’ उच्चारावाच लागतो. पाऊस पडत असल्याचे सांगतानाही तेथे ‘इट इज रेनिंग’ असा नावापुरता कर्ता उभा करावा लागतो.

आता एक साधे वाक्य घेऊ: ‘ती रोज संध्याकाळी ग्रंथालयात पुस्तक वाचते.’ इंग्रजीत ते असे होते: ‘शी रीड्स अ बुक इन द लायब्ररी एव्हरी इव्हनिंग.’ कर्ता दोन्हीकडे प्रथम आहे. त्यापुढचे सारे मात्र उलट्या क्रमाने आले आहे. मराठीत शेवटी असलेले क्रियापद कर्त्यालगत आले, त्यामागे कर्म, मग स्थळ आणि अखेरीस काळ. ‘ग्रंथालयात’ मधील शेवटचा ‘त’ देखील ‘इन’ होऊन नामाच्या आधी गेला. ही दिशा ध्यानात आली, की बरीचशी साधी वाक्ये हाती येतात. मात्र हा नियम सरसकट लावू नये. ‘लाल फूल’ इंग्रजीतही ‘रेड फ्लॉवर’ याच क्रमाने राहते, आणि ‘ऑलवेज’सारखा शब्द सहसा मुख्य क्रियापदाच्या आधी येतो.

प्रश्नार्थक वाक्यात आणखी एक पायरी आहे. ‘ती कुठे वाचते?’ याचे शब्दशः रूपांतर करून मुले ‘शी व्हेअर रीड्स?’ असे म्हणतात. इंग्रजीत प्रश्नशब्द प्रथम, नंतर साहाय्यक क्रियापद, मग कर्ता: ‘व्हेअर डज शी रीड?’ ‘रीड्स’ मधील ‘स’ येथे ‘डज’ने उचलला, म्हणून ‘रीड’ मूळ रूपात उरले.

नियम समजणे ही केवळ सुरुवात होय. जिभेला वळण लागते ते सरावानेच. रोज दहा मिनिटे पुरेत. प्रथम ‘शी रीड्स’ एवढेच म्हणावे, मग ‘शी रीड्स अ बुक’, आणि असे एकेक पद जोडत पूर्ण वाक्यापर्यंत जावे. त्यानंतर त्याच वाक्याचा नकार व प्रश्न करावा. वाक्य मोठ्याने म्हणावे. केवळ वहीत लिहून भागत नाही.

या सरावात इंग्रजी न येणारे पालकही सहभागी होऊ शकतात. सुटीत घरी आलेल्या मुलाला त्यांनी मराठीतूनच क्रमाने विचारावे: कोण? काय करते? काय वाचते? कुठे? केव्हा? मुलाने प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत एकेक पद जोडत जावे. पाचवे उत्तर येईपर्यंत वाक्य आपोआप उभे राहते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला गेला आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झाला. आपल्या घरातील मुलीने तो एके दिवशी मूळ भाषेत वाचावा आणि त्याविषयी निर्भयपणे बोलावे, अशी इच्छा असेल, तर तिच्या पाच पदांच्या वाक्यासाठी आज दहा मिनिटे देणे आपल्या हाती आहे.