ओस गडांचा अकोले तालुका

अकोले तालुक्यात ओस पडलेल्या जागा शोधायच्या तर पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावरील गडांवर जावे. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ मध्ये शिवाजी महाराज पट्टागडावर विसावले, तोच विश्रामगड. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हे गड ओस पडत गेले. तालुक्याच्या सीमेवरील अलंग गडाच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. तिथे आजही दोराशिवाय चढणे धोक्याचे आहे.

वाड्यांची छपरे गेली, कातळात खोदलेली पाण्याची टाकी मात्र टिकली. माथ्यावर टाके दिसले की आसपासच्या गवतात घरांची जोती शोधावीत. कारण पाण्याजवळच गडाची शिबंदी राहत असे. याच तालुक्यातील रतनगडावर जाताना पायथ्याच्या रतनवाडीचा वाटाड्या घ्यावाच, कारण ढोरवाटा फसव्या असतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात असल्याने वनविभागाचे नियम पाळावे लागतात.