वडीलधाऱ्यांची पायवाट

वृद्धांनी रोज चालावे, असा सल्ला आम्ही देतो. परंतु चालावे कोठे, याचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीत नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली आहे. केळापूर परिसरात मात्र वैशाखातील ऊन आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील वर्दळ वृद्धांचे पाऊल उंबरठ्यातच अडविते. हालचाल मंदावली की स्नायू क्षीण होतात, तोल ढळतो, पडण्याचे भय वाढते आणि चालणे आणखी घटते. सावली, सपाट वाट, दिवे व विसाव्याचा ओटा यांनी हे चक्र थांबू शकते. आप्तांनी सकाळच्या गारव्यात वडीलधाऱ्यांना सोबत करावी. दात्यांनी जगदंबा मंदिराच्या वाटेवर एखादा ओटा बांधून द्यावा, ही नम्र विनंती. तीही रुग्णसेवाच होय.