डिस्क धडधाकट, जोड कालबाह्य

जून उजाडला की एटापल्लीत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांपुढे गर्दी होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, प्रवेश. गट्टा-जारावंडीकडून सकाळच्या गाडीने आलेला माणूस दुपारपर्यंत बाकड्यावर बसून असतो. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: नेट स्लो आहे. नेटचा दोष आहेच, पण सगळं खापर त्याच्यावर फोडणं बरोबर नाही. कॉम्प्युटर सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेत असेल, साठवलेली पीडीएफ उघडताना पडद्यावरचं चक्र गरगरत राहत असेल, तर तिथे नेटचा संबंध येतोच कुठे? दुखणं कॅबिनेटच्या आत, हार्डडिस्कपाशी असतं.

ही डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोनदा बदलली. शहरात जुनं मशीन जातं, नवं येतं, बदल झाल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. तालुक्याच्या गावी मशीन उशिरा येतं आणि एकदा आलं की सहजासहजी निघत नाही. त्यामुळे इथे तिन्ही पिढ्या शेजारी-शेजारी नांदताना दिसू शकतात.

सगळ्यात जुनं कॅबिनेट उघडलं की धुळीच्या थराखाली चपटी, करडी रिबन केबल दिसते. एका कडेला लाल रेघ. हा आयडीई जोड. चाळीस पिना, आणि लाल रेघेकडची पिन एक नंबरची. एका केबलवर दोन डिस्क बसत, म्हणून डिस्कच्या मागचा तांदळाएवढा जंपर चिमट्याने हलवून ‘मास्टर’ कोण आणि ‘स्लेव्ह’ कोण हे सांगावं लागे. 1986 च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांच्या कामातून हा जोड आला, 1994 मध्ये त्याचं अधिकृत मानक झालं. यात सोळा तारांतून सोळा बिट एकदम निघत. रेला नाचणाऱ्यांची रांग संथ तालावर एकत्र पाऊल टाकते, ढोलाची लय चढली की टोकाचे मागे पडू लागतात. या तारांचं तेच झालं. वेग वाढवला तसे काही बिट उशिरा पोचू लागले, शेजारच्या तारांतले संकेत एकमेकांत मिसळू लागले. मग ऐंशी तारांची केबल काढली. त्यातल्या जादा चाळीस तारा निव्वळ अर्थिंगच्या, संकेत वेगळे ठेवण्यासाठी. तरीही सेकंदाला 133 मेगाबाइटच्या पुढे गाडी सरकेना.

2003 पासून बाजारात रुळलेल्या ‘साटा’ने सोळांची रांगच मोडली. बिट एकामागून एक, पण फार वेगाने पाठवायचे. डेटाच्या केबलला फक्त सात पिना, एका केबलवर एकच डिस्क, जंपरची कटकट संपली. सुरुवातीचा वेग 1.5 गिगाबिट. आठ बिट नेण्यासाठी दहा पाठवावे लागत असल्याने प्रत्यक्षात 150 मेगाबाइट. पुढे 3 आणि 2009 मध्ये 6 गिगाबिट.

गंमत म्हणजे तेव्हा वापरणाऱ्याला फरक काहीच कळला नाही. डिस्क बिचारी मिनिटाला 7200 फेरे घेत होती आणि तिला जुनी केबलही भरून टाकता येत नव्हती. उलट ताप झाला तो विंडोज एक्सपी टाकणाऱ्यांना: कित्येक मदरबोर्डांवर साटा डिस्क ओळखावी म्हणून एफ6 दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे.

साटाचं चीज झालं ते एसएसडी आल्यावर. यात फिरणारं काहीच नाही. फिरत्या डिस्कला विखुरलेले छोटे तुकडे गोळा करायला सांगितलं तर सेकंदाला शंभरेक जमतात. एसएसडी हजारोंनी उचलते. विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, ही सगळी अशीच तुकडे वेचण्याची कामं. सलग वाचनात मात्र साटाची सीमा 550 मेगाबाइटच्या आसपास आली आणि जोड पुन्हा अपुरा पडला. म्हणून 2011 मध्ये एनव्हीएमई. केबलच नाही, 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब पट्टी मदरबोर्डवर आडवी बसते, एका स्क्रूने आवळते आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गाने थेट प्रोसेसरशी बोलते. वेग सेकंदाला 3500 मेगाबाइट, नव्या मशीनवर 7000 आणि त्याहून जास्त.

आकडे बघून डोळे दिपतात. पण दाखले काढणाऱ्या दुकानाने त्यासाठी खिसा हलका करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फिरत्या डिस्ककडून साटा एसएसडीकडे गेलं की मशीन नव्यासारखं पळतं. तिथून एनव्हीएमईकडे गेल्याचा फरक फॉर्म आणि पीडीएफच्या कामात जाणवतही नाही. शिवाय सेकंडहँड बाजारात अजून फिरणाऱ्या जी41, एच61 या बोर्डांवर साटाचा वेग 3 गिगाबिटच आहे. एनव्हीएमईची पट्टी बसते ती ‘एम.टू’ खाच त्यांच्यावर सहसा नसतेच, आणि जुन्या बायोसला एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करता येत नाही. साटा एसएसडी तिथे निमूट चालते.

नव्या मशीनसाठी पट्टी आणायची तर आधी खाच बघून घ्यावी. एम.टू हा फक्त आकार आहे. त्यात साटाही येते आणि एनव्हीएमईही. साटावाल्या पट्टीला बहुधा दोन खाचा, एनव्हीएमईला बहुधा एक. चुकीची आणली तर आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत पुन्हा चंद्रपूर. आणि उन्हाळा विसरू नये. ही पट्टी जोराच्या कामात तापते आणि फार तापली की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करते. मे महिन्यात पत्र्याखालच्या, कूलर बंद पडलेल्या खोलीत तिला थंड व्हायला वाव तो किती! एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं ठेवायचीही चीज नाही. घरगुती वापराच्या, आयुष्य संपत आलेल्या एसएसडीने विजेशिवाय 30 अंशांवर एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच मानकाची अपेक्षा असते. उष्णता वाढली की तो काळ आटतो.

खरी घाई आहे ती आयडीईची. शाळेचे जुने दाखले, सामूहिक वनहक्काच्या दाव्याचे नकाशे, ग्रामसभेचे तेंदू-बांबूचे हिशेब, असं काही त्या काळच्या डिस्कवर असेल तर ती लावायला नव्या मदरबोर्डवर जागाच नाही. इंटेलने 2006 मध्ये आयसीएच8 चिपसेटपासूनच आयडीई काढून टाकलं. यूएसबीला लावायचा अ‍ॅडॉप्टर मिळतो. मोठी 40 पिनांची, लॅपटॉपची 44 पिनांची आणि साटा, तिन्ही डिस्क त्यावर लागतात. मोठ्या डिस्कला 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा द्यावा लागतो आणि जंपर बहुतेक वेळा मास्टरवर. हे न केल्याने डिस्क दिसत नाही आणि चांगली डिस्क मेली म्हणून बाजूला पडते.

कार्यालयांत एक अडचण आणखी. जडवस्तू नोंदवहीत नोंद असते ‘संगणक, एक नग’ अशी. डिस्कला वेगळा नंबर नाही. निर्लेखनाची वेळ आली की मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड एकगठ्ठा भंगारात जातं आणि डिस्क आतच राहते. त्याआधी कॅबिनेट उघडावं, चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्यावी, डेटा दोन ठिकाणी उतरवावा. मग ती तशीच देऊ नये. फाइली डिलीट केल्या किंवा झटपट फॉरमॅट मारला तरी आधारच्या प्रती आणि बँकेचे तपशील परत काढता येतात. ड्रिलने चकत्यांमधून आरपार दोन-तीन भोकं पाडावीत, आणि मगच ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकावी.